वीकेंड घरवाल्यांनो, केअरटेकरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

ज्यांचं शनिवार-रविवारपुरतं घर आहे आणि चावी केअरटेकरकडे आहे त्यांनी हे वाचाच.

आमचं घर अलिबागजवळ नागावला. सोमवार ते शुक्रवार बंद. केअरटेकर गावातलाच, ओळखीतून आलेला, महिना सहा हजार, काम काय तर नारळी-पोफळींना पाणी, अंगण झाडणं, रात्री बाहेरचा दिवा लावणं. बोलायला इतका गोड की सासूबाई दिवाळीला त्याच्या पोरांना कपडे घ्यायच्या. "ताई काय टेन्शन घेऊ नका, आपलंच घर समजून बघतो मी." आणि समजलाच की! आमच्या मागे आठवडाभर घर टुरिस्टना भाड्याने, रात्रीचे सात हजार.

संशय आला लाईट बिलावरून. आम्ही निघताना फक्त फ्रिज चालू ठेवतो, तो दिवसाला साधारण एक युनिट, पंप तासभर चालला तरी एक धरा, म्हणजे पाच दिवसांत दहा-बारा युनिट व्हायला पाहिजेत. बिल मात्र महिन्याला 300 युनिटच्या वर जाऊन पुढच्या, महागड्या स्लॅबमध्ये. विचारलं तर म्हणे मीटर जुना झालाय ताई, फास्ट पळतो. सिलिंडर लवकर संपायला लागला, विहिरीमागे झावळ्यांखाली बार्बेक्यूचे कोळसे, आणि बाथरूमच्या जाळीत लांब, लालसर रंगवलेले केस. आमच्या घरात कोणी केस रंगवत नाही. त्यावर उत्तर तयार, बायको साफसफाईला आलेली तिने इथेच आंघोळ केली.

मग एक दिवस नणंदेच्या ऑफिस ग्रुपवर फॉरवर्ड आला, "एसी व्हिला, बीच पाच मिनिटं", आणि फोटोत आमचा सागवानी झोपाळा! मागच्या भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो तेवढा उतरवून ठेवलेला, खिळा मात्र स्पष्ट दिसतोय. नवऱ्याने मित्राला त्याच्याच फोनवरून त्या जाहिरातवाल्याशी बोलायला लावलं, स्पीकरवर हाच महाभाग, "मालक फॉरेनला असतात, सगळं मीच बघतो, अ‍ॅडव्हान्स टाका." यूपीआयचं नाव मेहुण्याचं.

पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न, चावी तुम्हीच दिली होती ना? दिली होती, पण घर राखायला, धंदा करायला नाही, आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू अशी वापरणं हा गुन्हा आहे. तरी शेवटी झालं काय, अर्ज घेतला, त्याला बोलावून दम दिला, गावातली चार मोठी माणसं मध्ये पडली आणि त्याने चावी परत केली. पैसे विसरा.

पैशांपेक्षा मला भीती वाटली ती वेगळीच. त्या लोकांपैकी कोणी आमच्या विहिरीत पडलं असतं तर? दारात पोलीस आमच्याच आले असते. शिवाय घरगुती मीटरवर धंदा चालला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने वसुली लागू शकते, कधीपासून ते कळलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. आणि मीटर तर सासूबाईंच्या नावावर.

आता निघताना आणि आल्यावर मीटरच्या रीडिंगचा फोटो काढतो, तुम्हीही काढा, दोन मिनिटांचं काम आहे. स्मार्ट मीटर बसला असेल तर महावितरणच्या अ‍ॅपवर रोजचा वापर घरबसल्या दिसतो, मधल्या एखाद्या मंगळवारी एकदम वीस युनिट दिसले की समजा कोणीतरी रात्रभर एसी लावून झोपलंय. आम्ही कॅमेरे लावले होते, पण तो जुना केअरटेकर वायफायच बंद करायचा आणि आम्हाला सांगायचा लाईट गेलेली. नवीन माणसाला बाहेरच्या पंपाची तेवढी चावी दिलीये, घराची नाही. त्याची पोलिसांकडे नोंदही केली.

आणि बुकिंग करणाऱ्यांनो, अ‍ॅडव्हान्स टाकायच्या आधी लाईट बिलाचा फोटो मागा, त्यावरचं नाव आणि पैसे जातायत ते नाव जुळतंय का बघा. जुळलं नाही तर मालकाशी बोलणं करून द्या म्हणा. आम्ही कुलूप बदललं त्या आठवड्यात ठाण्याची एक फॅमिली पोरंबाळं घेऊन गेटवर येऊन उभी होती, पूर्ण पैसे भरलेले, आणि त्याचा फोन स्विच ऑफ.