शहापूरचं ओंडक्यांचं लक्झरी घर: सुतारकाम एक नंबर, पण बघायचं तर जुलैमध्ये बघा

सध्या ठाण्यातल्या अर्ध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक फोटो फिरतोय, जाडजूड गोल ओंडक्यांचं घर, मागे माहुलीचे सुळके, पुढे हिरवळ आणि खाली लिहिलंय 'हॅन्डक्राफ्टेड लक्झरी लॉग होम, ठाण्यापासून फक्त एक तास'. तर आम्ही ते बघून आलोय, आधी मे महिन्यात आणि मग मुद्दाम भर पावसात, त्यामुळे कोणी टोकन द्यायच्या तयारीत असेल तर आधी हे वाचा.

एक तासाचं तर सोडूनच द्या. माजिवड्याहून वडप्यापर्यंतच रस्त्याच्या कामात किती वेळ जाईल ते देवाला माहीत, मग पडघा, आसनगाव, शहापूर आणि हायवे सोडून आत. एजंट सारखा समृद्धीचं नाव घेतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला हे खरं आहे, पण घोडबंदरवरून निघून आमण्याला पोचेपर्यंतच तुमची अर्धी एनर्जी संपलेली असते, त्याचं काय.

पण एकदा फाटकातून आत शिरलं ना की बोलती बंद होते, हे मान्य करते. पंधरा गुंठे जागा, तीन बेडरूम, वर पोटमाळा, दिवाणखान्याला दोन मजल्यांची उंची आणि पुढे लांबलचक पडवी. ओंडके बारा ते चौदा इंच जाडीचे, डग्लस फर नावाच्या झाडाचे, कॅनडातून कंटेनरने आणलेले. लाकडाला किंचित लालसर छटा आहे आणि दार उघडल्या उघडल्या जो वास येतो त्याच्यासाठीच माझ्या मिस्टरांनी मनातल्या मनात चेकबुक काढलं होतं. मी मात्र आमच्या किचनचं काम ज्यांनी केलं त्या सुतारमामांना गाडीत घालून नेलं होतं. मूळचे कणकवलीकडचे, राहतात कळव्याला, बोलतात कमी.

मामांनी आधी घराला एक चक्कर मारली, मग कोपऱ्यात जाऊन बसले. या घरात कोपरे बघण्यासारखे आहेत. दोन ओंडके एकमेकांवर आडवे येतात तिथे वरच्या ओंडक्याच्या पोटात खोगिरासारखी खाच घेतलीय आणि ती खालच्याच्या पाठीवर फिट बसवलीय. खाच खालच्या ओंडक्याच्या पाठीत घेतली असती तर तिथे पाणी साचलं असतं, म्हणून नेहमी वरच्याच्या पोटात घेतात. आणि नुसते कोपरेच नाहीत, भिंतीच्या पूर्ण लांबीत वरच्या ओंडक्याचा खालचा भाग खालच्याच्या आकाराप्रमाणे कोरून काढलाय, म्हणजे खालच्याला जिथे गाठ किंवा फुगवटा आहे तिथे वरच्याला तेवढाच खळगा. मामांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून सांध्यात घालायचा प्रयत्न केला. गेली नाही. दुसरीकडे घातली, तिथेही नाही. मग म्हणाले, "ताई, ज्यानं केलंय त्याचा हात सोन्याचा आहे. आपल्याकडे एवढं बसून आता कोण करत नाय." साल सोलल्याच्या पात्याच्या लांब खुणा ओंडक्यांवर तशाच ठेवल्यात, सँडर मारून गुळगुळीत केलेलं नाही, तेही मला आवडलं. मशीनवर कापलेले एकसारखे ओंडके आणून खेळण्यासारखी जोडलेली घरं कर्जत-नेरळ भागात बघितलीयत, त्याची आणि याची तुलनाच नाही.

आता ओंडक्यांच्या घराची एक गोष्ट जी एजंटने स्वतःहून सांगितली नाही, विचारल्यावर पण "ते सगळं झालंय मॅडम" म्हणून उडवून लावली. हे घर खाली बसतं. लाकूड सुकतं तसं जाडीत आकसतं, आणि भिंत म्हणजे आडवे ओंडके एकावर एक, त्यामुळे प्रत्येकाचं थोडं थोडं मिळून सगळी भिंतच उतरते. ओल्या लाकडाची ८ फुटी भिंत असेल तर चार ते सहा इंच, म्हणजे थट्टा नाही. म्हणून असल्या घरात खिडक्या-दारांच्या चौकटीवर मोकळी फट सोडतात आणि वरून पट्टी मारून झाकतात. पडवीचे खांब मात्र उभे असतात, उभं लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, म्हणजे भिंत उतरणार आणि खांब तिथेच राहणार, मग छप्पर तिरकं होणार. त्यासाठी खांबाला लोखंडी स्क्रू जॅक असतो, पाना लावून दरवर्षी थोडा थोडा खाली घ्यायचा. इथे जॅक आहेत, बघितले मी, पण पेंट मारून मारून आटे जाम झालेत. म्हणजे कित्येक वर्षांत कोणी पाना लावलेला नाही. घर सहा वर्षांचं आहे असं सांगतात. वरच्या बेडरूमचं दार घासतंय आणि पोटमाळ्याचा जिना एका बाजूला चढ झालाय, ते यामुळेच, असं मामांचं मत. मोठा बिघाड नाही, पण जॅक फिरवायला जाणकार माणूस लागतो आणि तो शहापूरच्या नाक्यावर उभा नसतो.

मे महिन्यात गेलो तेव्हा हे एवढंच सापडलं होतं आणि आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. सासूबाई म्हणाल्या, "कोकणातल्या घराची परीक्षा मे महिन्यात कुठे असते गं." त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. म्हणून जुलैत परत गेलो, एजंटला न सांगता, वॉचमनला फोन करून.

आणि मग खरा पिक्चर दिसला. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपत येतो, तो सरळ पडतच नाही. या घराची वळचण पुढच्या बाजूला मस्त चार-साडेचार फूट बाहेर आहे, कारण तिथे पडवी आहे आणि फोटो तिथूनच काढतात. पश्चिमेला, जिथे खरी गरज, तिथे जेमतेम दोन फूट. का तर तिकडे मोठी काच लावलीय सनसेट बघायला. त्या भिंतीचे खालचे पाच-सहा ओंडके चिंब भिजलेले होते, रंग काळपट, एका ठिकाणी हिरवी शेवाळ. वरून पागोळ्या ज्या पडतात त्या खाली फरशीवर आपटून परत भिंतीवर उडतात. सासूबाईंच्या माहेरी पावसाळ्याआधी पडवीला झापं (विणलेल्या झावळ्या) बांधतात, एवढी साधी गोष्ट पण करोड रुपयांच्या घरात कोणाला सुचली नाही. लाकूड भिजलं आणि लगेच सुकलं तर त्याला काही होत नाही, पण आतला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुकायला वेळ मिळतोच कुठे. त्यात ओंडक्यांना लांब चिरा असतात. त्या चिरांना घाबरू नका, लाकूड सुकताना जाणारच, भिंतीला धोका नाही. फक्त ज्या चिरेचं तोंड वरच्या बाजूला आहे ती पाणी पिते. पश्चिमेच्या भिंतीवर अशा तीन चिरा होत्या आणि एकीत चक्क नेचा उगवला होता. वॉचमनदादा म्हणाले, "ताई, दरसाल उपटतो मी."

पुढचं त्याहून वाईट. त्याच भिंतीला लागून डिझायनरने विटांचा वाफा बांधलाय, शोभेची झाडं लावायला. घराला जोतं चांगलं दोन-अडीच फूट दगडी आहे, म्हणजे मूळ बांधणाऱ्याला कळत होतं की लाकूड मातीपासून उंचावर ठेवायचं. पण वाफ्यात माती भरून भरून ती ओंडक्याला टेकवलीय, मग जोत्याचा उपयोग काय. मामांनी माती बाजूला केली तर दगडावरून पेन्सिलच्या जाडीची मातीची नळी वर गेलेली, वाळवी. नळीचा तुकडा पाडला तर आत पांढरी वळवळ. सगळ्यात खालच्या ओंडक्यावर मामा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत गेले, टक टक टक आणि मग एकदम बद्द. हातभर लांबीचा पट्टा पोकळ. साग असता तर वाळवी अशी सहज शिरली नसती, फरच्या बाहेरच्या लाकडात तेवढी ताकद नाही, औषध मारूनच टिकवावं लागतं. वॉचमन बिचारा डिझेल मारतो, त्याला मालकाने तेवढंच सांगितलंय.

पडवीच्या रेलिंगमध्ये भुंग्याची भोकं पण आहेत, करंगळी जाईल एवढी गोल, ड्रिलने पाडल्यासारखी, खाली भुसा. भुंगा कमळात सापडतो म्हणतात, इथे रेलिंगमध्ये सापडला. हे किरकोळ आहे, भोकं बुजवून कोटिंग केलं की काम भागतं.

आतल्या बाजूचं पटकन सांगते. किचन चांगलं, चिमणी महागाची, प्लॅटफॉर्म मात्र ठेंगण्या बायकांसाठी नाही. बाथरूमला टाइल्स आहेत, गिझरच्या मागे ओल दिसली नाही. वायरिंग ओंडक्यांच्या आतून काढलंय, एकही पट्टी बाहेर दिसत नाही, हे खूप कौतुकाचं. उन्हाळ्यात दुपारी बाहेर भट्टी होती आणि आत पंख्यावर बसवत होतं, जाड लाकडाचा तो फायदा आहेच. पोटमाळ्यावर मात्र एसीशिवाय जाऊच नका. पाण्याला बोअर आहे, एप्रिलनंतर टँकर. भातसा, तानसा, वैतरणा सगळी मुंबईची धरणं या पट्ट्यात आणि इथलीच गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे काही नवीन नाही, पण हिरवळीला रोज पाणी मारायचं म्हणजे जिवावर येतं हो, शेजारच्या पाड्यावर बायका हंडे घेऊन चालताना दिसतात.

आता व्यवहार. घराला मी पाचपैकी चार देईन, एजंटला दीड. फोनवर "क्लिअर टायटल, कलेक्टर एनए" आणि प्रत्यक्षात हातात दिली ती सातबाराची झेरॉक्स, तीही जुनी. एनएची, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याची ऑर्डर मागितली तर "वकिलाकडे आहे". ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, त्यामुळे एनए ऑर्डर बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. शहापूर तालुक्यात आदिवासींच्या जमिनी भरपूर आहेत, त्यामुळे सगळे जुने फेरफार काढा आणि जमीन आधी कधी आदिवासी खातेदाराच्या नावावर होती का ते बघा, कारण ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही आणि झालेला व्यवहार पुढे रद्द होऊ शकतो. तानसा अभयारण्य जवळ आहे, तर इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या बंधनं असलेल्या पट्ट्यात, सर्व्हे नंबर येतो का हेही विचारून घ्या. आम्ही फेरफार तलाठी ऑफिसमधून स्वतः काढले, सुदैवाने स्वच्छ निघाले, मग एजंटला ते द्यायला काय अडचण होती कोण जाणे.

लोनचं पण विचारलं. दोन ठिकाणी लाकडी बांधकाम म्हटल्यावर नुसत्या जमिनीच्या किमतीवर बोलायला लागले. विम्याचंही तसंच, आगीच्या विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये लाकडी फळ्यांच्या भिंती किंवा छप्पर म्हणजे कच्चं बांधकाम धरायचे, त्यामुळे चौदा इंची ओंडक्याला तुमची कंपनी काय समजते ते आधी लेखी घ्या. एजंट म्हणतो याला आग लागतच नाही. असं कसं. लागते, फक्त जाड ओंडका बाहेरून हळूहळू कोळसा होत जातो आणि तो कोळसा आतल्या लाकडाला बराच वेळ सांभाळतो, म्हणून पातळ फळीसारखं भसकन पेटत नाही, एवढंच खरं.

मामांनी परत येताना गाडीत हिशोब मांडला. पश्चिमेची वळचण अडीच फूट वाढवायची, वाफा काढून टाकायचा, खालचा ओंडका तेवढ्या भागात कापून नवीन तुकडा सांधायचा, सगळीकडे वाळवीचं औषध जमिनीत सोडायचं, जॅक मोकळे करायचे आणि बाहेरून सगळ्या घराला कोटिंग. कोटिंग दर दोन-तीन वर्षांनी, पश्चिमेला त्याहून लवकर, हा खर्च कायमचा धरा, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा. तुम्ही महिन्यातून एकदा जाणार आणि बाकी घर बंद राहणार असेल तर हे घर तुमच्यासाठी नाही, बंद घरात ओल बसते आणि वाळवीला सुट्टी नसते. रिटायर होऊन तिथेच राहणार असाल, किंवा भाड्याने देऊन सतत उघडं ठेवणार असाल, तर जरूर बघा, असं सुतारकाम ठाणे जिल्ह्यात मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

ते सव्वादोन कोटी सांगतायत. आम्ही वाळवीचे आणि जॅकचे फोटो पाठवून एक ऐंशी म्हणालोय, त्यावर "मॅडम तुम्ही लाकडाची किंमत बघा" असा मेसेज आला आणि नंतर दोन दिवसांनी "एक पंचाण्णव फायनल". म्हणजे अजून खाली येईल. दुसरं कोणी बोलणी करत असेल तर पश्चिमेच्या भिंतीचा विषय आधी काढा, आणि वॉचमनदादांना घराबरोबर ठेवून घ्यायचं बोलून ठेवा, त्या घरातली प्रत्येक गळती त्यांना पाठ आहे.