पफ पॅनेलची शेतातली खोली : उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यानंतरचा अनुभव

बार्शी तालुक्यातील आमच्या शेतात राखणीसाठी आणि अधूनमधून मुक्कामासाठी दहा बाय वीस फुटांची पफ पॅनेलची खोली उभारली, तिच्यावरून आता तिन्ही ऋतू गेले आहेत. विटांचे बांधकाम टाळण्याचे कारण जमीन हेच होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरची उथळ पायाची भिंत कोपऱ्यातून तडकते, हे आमच्या शिवारात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पॅनेलच्या भिंतीचे वजन चौरस मीटरला साधारण १० किलो भरते, तर नऊ इंची विटांच्या भिंतीचे ४०० किलोंच्या आसपास जाते.

पॅनेल म्हणजे दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा आणि मधोमध ५० मिलिमीटर पॉलियुरेथेन फोम, म्हणजेच पफ. हा फोम उष्णता वाहून नेतो ती विटेच्या सुमारे तिसाव्या हिश्श्यानेच. त्यामुळे ही दोन इंची भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा ढोबळमानाने सातपट उष्णता अडवते. भर उन्हाळ्यात दुपारी आत शिरताना हा फरक अंगाला जाणवतो, आणि रात्री खिडक्या उघडल्या की खोली लगेच निवते, कारण दिवसभराची धग साठवून ठेवायला भिंतीत काहीच नसते. याच गुणाची दुसरी बाजू हिवाळ्यात दिसली : पहाटे एकदा दार उघडले की आतली सगळी ऊब गेलीच म्हणून समजावे. शिवाय दारे-खिडक्या घट्ट बसतात, त्यामुळे समोरासमोर झरोके ठेवले नाहीत तर चार माणसांतच आत कोंदट होते.

संध्याकाळी ऊन उतरले की छतातून टकटक आवाज येतात. तापलेला पत्रा ५० अंशांनी निवला, तर वीस फुटांच्या लांबीत तो सुमारे साडेतीन मिलिमीटर आकसतो. आवाजाची सवय होते. प्रश्न स्क्रूंचा आहे. पत्र्याची ही रोजची ये-जा स्क्रूखालच्या रबरी वॉशरला सोसावी लागते, आणि कारागिराने मशीनने स्क्रू जास्त आवळून वॉशर चेपून टाकला असेल, तर पहिल्या मोठ्या पावसात तिथूनच थेंब येतो. आमच्याकडे छत गळले ते असे दोन ठिकाणी, सांध्यात कुठेही नाही. उभारणी करणाऱ्या मंडळींनी वरून सिलिकॉन फासून वेळ मारून नेली; वॉशर बदलल्यावरच गळती थांबली.

खिडक्यांसाठी पॅनेल जागेवर ग्राइंडरने कापले गेले. त्याच्या ठिणग्या आणि लोखंडाचा तापलेला कीस शेजारच्या पत्र्यावर उडून रंगात रुतला, आणि श्रावण येईपर्यंत पांढऱ्या भिंतीवर गोवर उठावा तसे तांबूस ठिपके उमटले. कापकाम कारखान्यातच मापाने करून घ्यावे, जागेवर करायचेच असेल तर निबलर (पत्रा ठिणग्यांशिवाय कातरणारे यंत्र) किंवा कटर वापरावा आणि कीस त्याच दिवशी झाडून काढावा. खिडकीखाली एके ठिकाणी पट्टी न लावता फोमची कड उघडी सोडली होती. तिथे मुंग्यांनी पोखरून पिवळा भुसा खाली पाडला होता.

जोत्याचा खर्च कोटेशनमध्ये धरलेला नसतो, आणि खरी मेख तिथेच आहे. भिंती हलक्या असल्या तरी जोते काळ्या मातीवरच बसते. आमच्याकडे मुरमाचा भराव एका बाजूला कमी पडला, तो कोपरा पावसाळ्यात किंचित उचलला गेला आणि दार चौकटीत घासू लागले. पॅनेलला तडा गेला नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. विटांच्या भिंतीने इतके निमूटपणे सोसले नसते.

विजेबाबत हयगय नको. दोन्ही अंगांना पत्रा असल्याने चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) अत्यावश्यक आहे. गीझर किंवा एसीचा ब्रॅकेट खोलीच्या लोखंडी चौकटीच्या बॉक्स पाइपलाच (चौकोनी नळीलाच) बोल्ट करावा, नुसत्या पॅनेलवर भार टांगू नये. हा फोम पेटला तर त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो, म्हणून आम्ही शेगडी बाहेरच्या पडवीत ठेवली आहे. स्वयंपाक आतच करायचा असेल तर पैसे जास्त गेले तरी रॉकवूलचे (दगडापासून बनवलेल्या, न जळणाऱ्या तंतूंचे) पॅनेल घ्यावे.

विक्रेते इंदूरच्या लाइट हाउस प्रकल्पाचा, म्हणजे नव्या बांधकाम तंत्राच्या सरकारी घरकुल प्रकल्पाचा, दाखला हमखास देतात. जानेवारी २०२१ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या प्रकल्पातील १,०२४ घरे सँडविच पॅनेलचीच आहेत, पण त्या पॅनेलचा गाभा ईपीएस (थर्माकोल) दाणे मिसळलेल्या सिमेंटचा आहे. पत्रा-फोमच्या खोलीला तो दाखला लागू पडत नाही.

‘हवी तेव्हा उचलून दुसरीकडे न्या’ हे आश्वासन अर्धेच खरे आहे. भिंतींची पॅनेल खाचेतून सुटून परत बसतात. छताच्या पॅनेलला मात्र स्क्रूंची आरपार भोके पडलेली असतात, आणि नव्या चौकटीवर ती भोके जुळली नाहीत तर छत नवेच घ्यावे लागते. खरेदीच्या वेळीच हा खर्च वेगळा लिहून मागावा.