आरसिंकच्या स्क्रिप्टने डेटाची दुसरी प्रत : अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

रत्नागिरीत आमचं सर्व्हेचं ऑफिस आहे, ड्रोनचे फोटो, नकाशे, सातबाऱ्याचे स्कॅन असला सगळा डेटा. त्याची दुसरी प्रत मुद्दाम घाटावर, कोल्हापूरला मावसभावाकडे ठेवलीय. 2021 च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय, कम्प्युटर आणि त्याच टेबलावरची बॅकअपची डिस्क, पाणी आलं की दोन्ही जाणार.

रोज रात्री कॉपी करते ती एक बॅश स्क्रिप्ट (लिनक्सला द्यायच्या कमांड लिहिलेली फाईल), आत आरसिंक, म्हणजे दोन जागांच्या फाईली जुळवून ठेवणारा प्रोग्राम. 1996 पासून आहे, फुकट आहे, आणि फाईल बदलली तर नेटवरून फक्त बदललेला भाग पाठवतं, त्यामुळे मोठ्या नकाशात चार रेषा हलवल्या तरी अख्खी फाईल परत जात नाही. पहिली प्रत मात्र नेटवरून पाठवत बसू नका, आम्ही डिस्क इथेच भरली आणि आंबा घाटातून गाडीने नेली.

आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल आणि केबल कुठे तुटेल सांगता येत नाही, म्हणून पार्शलचा ऑप्शन हवाच, नाहीतर नेट तुटलं की अर्धी आलेली फाईल आरसिंक टाकून देतं आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. आणि क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी काम चालू करणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामवर, अवलंबून राहू नका राव, रात्री दोनला मशीन बंद असेल तर क्रॉन ते काम सोडूनच देतं. त्याऐवजी सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधली कामं चालू-बंद करणारी यंत्रणा, तिच्या टायमरमध्ये पर्सिस्टंट चालू केलं की मशीन उठल्यावर राहिलेलं काम करतं, मला तरी सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. आधीची कॉपी संपलेली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून एफलॉक या कमांडचं कुलूप, ती एका ओळीची गोष्ट.

आता खरं जपायचं ते डिलीट ऑप्शनला. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं, त्याचं कामच ते. पण समजा लाईट येऊन-जाऊन बाहेरची डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे मशीनला जोडलीच गेली नाही, तर स्क्रिप्टला दिसतो रिकामा फोल्डर, आणि रिकाम्याशी जुळवायचं म्हणून ती कोल्हापूरची सगळी प्रत साफ करेल, एरर पण नाही येणार! म्हणून आम्ही डिस्कवर एक खुणेची फाईल ठेवलीय, स्क्रिप्ट आधी ती शोधते, नाही सापडली तर तिथेच थांबते आणि मला मेसेज टाकते. वर मॅक्सडिलीटने एका वेळी किती फाईली पुसायच्या त्याला मर्यादा. एवढं केल्याशिवाय डिलीट लावूच नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. शिवाय लिंकडेस्ट ऑप्शनने तिकडे रोजचा वेगळा फोल्डर बनतो, न बदललेल्या फाईली हार्डलिंक असतात, म्हणजे डिस्कवरच्या त्याच फाईलला दुसरं नाव, म्हणून जागा खात नाहीत, आणि चुकून पुसलेला नकाशा आदल्या दिवशीच्या फोल्डरात मिळतो.

झेड ऑप्शन, म्हणजे कॉम्प्रेशन, जेपेगला लावून काही उपयोग नाही, फोटो आधीच दाबलेले असतात.

विंडोजवाल्यांनी रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधलीच कॉपीची कमांड, वापरायला हरकत नाही, फक्त तिथे एक्झिट कोड (काम संपल्यावर प्रोग्राम देतो तो आकडा) 1 आला म्हणजे बिघडलं असं समजू नका, त्याचा अर्थ फाईली नीट कॉपी झाल्या असाच आहे, 8 किंवा त्याच्या वर आला तरच स्क्रिप्टने मेसेज पाठवावा असं लिहा.