निळा ठिपका दुकानात, रेघ समुद्रात

५,५०० रुपयांचा टॅब घेतला तो रविवारच्या सायकलिंगसाठी. मोबाईलवरचे बारीक आकडे चालत्या सायकलवर आता दिसत नाहीत. मोठा स्क्रीन हँडलला लावावा, किती किलोमीटर झाले ते नीट दिसावं, एवढीच हौस. रत्नागिरीतल्या त्या दुकानात एकच विचारलं, ‘जीपीएस आहे ना?’ दुकानदाराने सरळ नकाशाच उघडला. निळा ठिपका बरोब्बर त्याच्या दुकानावर. ‘बघा काका, अजून काय पाहिजे?’ खोक्यावर ‘जीपीएस’चा स्टिकरही होता. मी पैसे मोजले.

ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ होतं, अख्खी गल्ली मावेल एवढं, म्हणजे जागेचा नुसता अंदाज. ते बघूनही मला काही सुचलं नाही.

रविवारी मारुती मंदिराहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. टॅबला मोबाईलचा हॉटस्पॉट दिलेला. शहरात ठिपका उड्या मारत का होईना, सरकत होता. घरं विरळ झाली तसा थिजला. आरे-वारेचा चढ मी धापा टाकत चढलो तरी टॅबच्या मते मी अजून मागच्याच वाडीत. पुळ्याच्या लॉजांपाशी तो एकदम जागा झाला आणि दोन टोकं सरळ रेघेने जोडून मोकळा. रेघ मध्ये चक्क पाण्यावरून गेलेली. पंचवीसेक किलोमीटर तुडवले, नोंद १८ ची. सोबतचा म्हणाला, ‘होडीतून आलास काय रे?’

भाच्याने उपग्रह दाखवणारं ॲप टाकलं. उघड्या अंगणात अर्धा तास, उपग्रह शून्य. आत जीपीएसची चिपच नव्हती. असा टॅब आजूबाजूच्या वायफाय राउटरांची ओळख पटवून इंटरनेटवरून जागेचा अंदाज घेतो. बाजारपेठेत तो खपून जातो, सड्यावर राउटर कुठून येणार? खऱ्या जीपीएसला जागा कळायला इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की झालं. नेट असलं तर पहिल्यांदा ठिपका लवकर सापडतो, इतकंच.

परत गेलो तर ‘अपडेट मारावं लागेल’ म्हणून आणखी २०० रुपये घेतले. (तेही दिले मी. शहाणपणाची कमाल!) फरक शून्य. मग सूर बदलला, ‘लोकेशन दाखवतो ना? मग झालं तर.’ घरी येऊन नखाने स्टिकर खरवडला. खाली छापलेल्या यादीत वायफाय, ब्लूटूथ, कॅमेरा सगळं होतं, फक्त जीपीएस नाही. बिलावर नुसतं ‘टॅब १ नग’. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली आहे, पण बिलावर ‘जीपीएससह’ लिहून घेतलं असतं तर हातात काही असतं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात गेलो. म्हटलं, वायफाय, ब्लूटूथ बंद करा, सिम काढा, रस्त्यावर उघड्यावर येऊन पाच-दहा मिनिटं ॲपमध्ये उपग्रह दाखवा, मग पैसे. तो म्हणाला, ‘काका, बाहेर ऊन केवढं आहे!’ आणि खोका पुन्हा फळीवर ठेवला.