उव्स नूर: जागतिक वारसा की रामसर?
गोव्यात जपणुकीचे आंतरराष्ट्रीय शिक्के दोन: जुन्या गोव्यातल्या चर्चना १९८६ पासून जागतिक वारशाचा, कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ पासून पाणथळींसाठीच्या रामसर कराराचा. उव्स नूर या खाऱ्या सरोवराला दोन्ही लाभलेत. त्याला जपायला यातला कुठला बरा? २००३ मध्ये त्याच्या खोऱ्यातले, मंगोलिया आणि रशियातले १२ संरक्षित तुकडे मिळून एकच वारसास्थळ झालं. वाळू, माळरान, हिमशिखरं, सगळं त्यात. १९७१ चा रामसर करार पाणथळींपुरता. जपून केलेली मासेमारी-चराई त्याला चालते.

या सरोवराचं पाणी बाहेर जातच नाही. वाफ होते, मीठ उरतं, आपल्या मिठागरासारखं. वरच्या नद्या वळवल्या, तर नुसता काठ जपून काय उपयोग? म्हणून माझं झुकतं माप वारशाला, तो डोंगरापर्यंत पोचतो. पाणीवाटप मात्र दोन्हींत नाही. म्हादई नदीच्या पाण्यासाठी भांडणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे.