सुपरव्हिजनचे २,७०,००० बुडवले आणि वर माझी सहीही विकली

कंत्राटावर क्लिनिकल सुपरव्हिजन, म्हणजे समाजकार्यकर्त्यांना त्यांच्या केसेसमध्ये मार्गदर्शन, करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. संस्थेचं नाव लिहायला वकिलांनी मनाई केली आहे. पण पद्धत तरी कळू दे, कारण हे लोक उद्या दुसऱ्या कुणाला तरी गाठणारच.

करार साधा होता. संस्थेच्या १२ समाजकार्यकर्त्यांची सहा महिने ग्रुप आणि वैयक्तिक सुपरव्हिजन, महिना ५४,००० रुपये. पहिला महिना चुकता झाला. मग सुरू झालं, "ताई, फंडरचा हप्ता अडकलाय," "ऑडिट आटपू द्या." ही रड आपल्या क्षेत्रात सगळ्यांनी ऐकलेली आहे. पाच महिन्यांचे २,७०,००० आजही येणं आहे.

खरी खूण त्या पहिल्या पैशांतच होती. पूर्ण ५४,००० जमा झाले, टीडीएस एक रुपयाही कापलेला नाही, आणि तेही संचालकांच्या खासगी बचत खात्यातून. करार ट्रस्टशी, बिल ट्रस्टच्या नावाने, पैसे मात्र एका माणसाकडून! १० टक्के कापून ४८,६०० आले असते, तर माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदीत, ट्रस्टच्या नावासमोर ५,४०० दिसले असते. ट्रस्टने मला कामाला लावलं याचा पुरावा तिथेच झाला असता. तो होऊ नये याची काळजी त्यांनी पहिल्या दिवसापासून घेतली होती. आणि मी समजले, वेळेवर पूर्ण पैसे देतात, भली माणसं आहेत. आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

"मग काम बंद का नाही केलंस?" असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते. नुकतीच एमएसडब्ल्यू झालेली मुलगी रात्री फोनवर रडत विचारते, "मॅडम, मुलीच्या आईने शपथ घातलीय, तरी पोलिसांना कळवायचं का?" मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीच्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, हे तिला समजावायचं, तिला सावरायचं, की माझं बिल थकलंय म्हणून फोन ठेवायचा? मी ठेवला नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी ठेवणार नाही. आपण केस मधेच सोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याच्याच जिवावर हा धंदा चालतो.

शेवटी १,०८,००० चा चेक दिला. तो परत आला. "पुढच्या आठवड्यात नक्की, ताई" करत त्यांनी मला झुलवलं, आणि चेक न वटल्याची कायदेशीर नोटीस द्यायची ३० दिवसांची मुदत निघून गेली. तोवर चेकचे तीन महिनेही संपले होते, म्हणजे पुन्हा बँकेत टाकायचीही सोय उरली नाही. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात पडला की त्याच दिवशी वकील गाठा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ सोसलं असतं. एका अनोळखी मुलीने मला सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, 'क्लिनिकल सुपरव्हिजन पूर्ण', खाली माझी सही. तिने त्यासाठी ८,५०० भरले होते. मी तिला एकदाही भेटलेले नाही! फोटो मोठा करून पाहिला, तर सहीच्या शेवटच्या फाट्याला करारावरच्या शिक्क्याची जांभळी कड तशीच चिकटलेली. करारातूनच उचललेली सही. स्कॅन केलेली सही कुणालाही देऊ नका. कुणाची किती तास सुपरव्हिजन केली, याची तारीखवार वही स्वतःकडे ठेवा. माझ्याकडे आहे, म्हणून मी आज बोलू शकते.

पोलीस चौकीत ऐकवलं, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे." पैशांचं एक वेळ मान्य, पण खोट्या सहीने पैसे उकळणं सिव्हिल कसं? उत्तर नाही. अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात म्हणाले, पैसे ट्रस्टच्या खात्यातून आलेच नाहीत, तर ट्रस्टचा संबंध काय? म्हणजे चोराने जी पळवाट आखली, तीच साहेबांनी मला नियम म्हणून वाचून दाखवली! लघुउद्योगांच्या थकबाकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी समाधान पोर्टलवर गेले, तर माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, काम झाल्यानंतरची, म्हणून उपयोग नाही. ही नोंदणी फुकट होते, काम घेण्याआधी करून टाका, म्हणजे ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. मला हे कुणीही सांगितलं नव्हतं, आणि ज्यांचं सांगण्याचं काम आहे ते टेबलावरून मान वर करत नाहीत.

आता पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली आहे. ज्यांनी असं सर्टिफिकेट विकत घेतलंय, त्यांनी घाबरून ते फाडू नका. पैसे भरल्याची पावती, चॅट, सर्टिफिकेट सगळं जपून ठेवा आणि स्वतःच्या नावाने तक्रार द्या. माझ्या वहीत तुमचं नाव नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.