बडोद्याहून वेळावदर : भोवत्या पक्ष्यांसाठी एक हिवाळी सहल

बडोद्यातील एका खासगी संस्थेची वेळावदर सहल आम्ही दांडिया बाजारातील काही मराठी कुटुंबांनी मिळून डिसेंबरात केली. भावनगर जिल्ह्यातील हे राष्ट्रीय उद्यान काळविटांसाठी प्रसिद्ध असले, तरी संस्थेने सहल आखली आहे ती भोवत्या या शिकारी पक्ष्यांसाठी. कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ प्रदेशांत वीण आटोपून आलेले मोंटेग्यूचे व पांढुरके भोवत्या दिवसभर भाल प्रदेशातील शेतामाळांवर टोळ-नाकतोडे टिपत विखुरलेले असतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास उद्यानातील उंच गवतात, झाडांवर नव्हे तर जमिनीवर, मोठ्या संख्येने मुक्कामाला उतरतात. दुपारी काळवीट पाहून घेऊन संध्याकाळ पूर्णपणे या दृश्यासाठी मोकळी ठेवणे, ही या आखणीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय.

मार्गदर्शकाने गाडी गवतापासून बरीच दूर उभी केली. जवळ जाण्याचा आग्रह धरणाऱ्यांना त्याने नम्रपणे पण ठाम नकार दिला, ते योग्यच झाले. विलायती बाभूळ पसरली की गवताचा हा मोकळा मुक्काम कसा आक्रसतो, हेही त्याने सोप्या हिंदीत समजावले. मात्र ओळख पटवण्याच्या बाबतीत तो कमी पडला. मोंटेग्यूच्या नराच्या पंखावरील काळी आडवी पट्टी आणि पांढुरक्या नराच्या पंखटोकाची निमुळती काळी पाचर एवढे सांगून तो थांबला. तपकिरी माद्या व वयात न आलेले पक्षी, म्हणजे समोरच्या थव्यातील बरेच पक्षी, अनोळखीच राहिले.

खरी तक्रार दुर्बिणींची आहे. संस्था भाड्याने ८×२५ मापाच्या, म्हणजे आठपट मोठे दाखवणाऱ्या पण पुढचे भिंग २५ मिलिमीटरचेच असलेल्या, खिशातल्या दुर्बिणी देते. त्यांतून डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशझोत जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, तर ८×४२ मध्ये तो पाचहून अधिक होतो. ज्या सहलीचा मुख्य प्रसंगच तिन्हीसांजेला घडतो, तिथे ही काटकसर समजण्यापलीकडची आहे. शक्य असल्यास स्वतःची दुर्बीण न्यावी.

जेवणात बाजरीचा रोटला आणि ओळो, म्हणजे आपले भरीत, होते. त्याबद्दल तक्रार नाही. एवढा प्रवास ज्यांना झेपणार नाही, त्यांनी डभोईजवळच्या, २०२१ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेल्या वढवाणा जलाशयावर जावे. तेथे हिवाळ्यात दलदली भोवत्या पाण्यावरून घिरट्या घालताना दिसतो, पण गवतातील सामूहिक मुक्कामासाठी वेळावदरच गाठावे लागते.